गेलेल्या मित्राचे देणे

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी आमचा एक बालमित्र प्रभूमध्ये झोपी गेला. साठाहून अधिक वर्षांचा आमचा स्नेह. दफनविधीच्या दिवशी पावसाची झड लागली होती, तरी माणसे छत्र्या उघडून कबरस्थानाच्या फाटकापर्यंत उभी होती. पुढल्या रविवारी स्मरणोपासना झाली. पाळकसाहेबांनी मित्रमंडळींना चार शब्द बोलण्यास सांगितले आणि चाराचे चाळीस झाले. जो तो उठे आणि त्याच्या धाडसाची, त्याच्या दिलदारपणाची एक गोष्ट सांगे. आम्हीही एक सांगितली. लोक हसले, काहींनी डोळे टिपले. मित्राचे देणे आज थोडेफार फेडले, असे समाधान मानून आम्ही खाली बसलो.

उपासना सुटल्यावर मंदिराच्या पायरीवर त्याची मुलगी भेटली. ती आता स्वतः दोन मुलांची आई आहे. ती रागावलेली नव्हती. शांतपणे म्हणाली, "काका, तुम्ही सगळ्यांनी सांगितलेले बाबा फार छान होते. आम्हाला ते फारसे भेटले नाहीत." मग थोडे थांबून म्हणाली, "आणि तुम्ही दादाच्या फीची गोष्ट सांगितलीत ना, ती अर्धीच होती. ते पैसे आईच्या पाटल्यांचे होते."

त्या दोन वाक्यांनी आमची झोप उडवली. ज्या प्रश्नाने आम्हाला इतके दिवस छळले, तो आज वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण तो आमच्या एकट्याचा नाही. आपल्या मंडळीत दर महिन्याला कोणीतरी देवाघरी जातो आणि त्याच्याविषयी आपण बोलतो. गेलेल्या मित्राचे आपण नेमके काय देणे लागतो? त्याची स्तुती? त्याच्याविषयीचे सत्य? की आणखी काही?

प्रथम तो कसा होता ते सांगितले पाहिजे. हैदराबादेत कोठी हा गजबजलेला भाग आहे. ब्रिटिश रेसिडेन्सीच्या भव्य इमारतीवरून त्याला हे नाव पडले. सुलतान बाजार, बडी चावडी, पदपथावर मांडलेल्या जुन्या पुस्तकांच्या राशी, इराण्याचा चहा, आणि तेलुगू, उर्दू, मराठी, कानडी अशा चार भाषांचा एकच गोंगाट. १९५६ साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात गेला, तेव्हा पुष्कळ मराठी कुटुंबांनी घरे हलवली. त्याच्या वडिलांनी व आमच्या वडिलांनी हलवली नाहीत. त्याच वर्षी आम्ही दोघे शाळेत एका बाकावर आलो, तेव्हापासून तो पुढे आणि आम्ही मागे, असा जन्मभराचा क्रम ठरून गेला.

रेसिडेन्सीच्या इमारतीत १९४९ पासून मुलींचे कॉलेज होते. मुलांना आत मज्जाव. तेव्हा एका रविवारी, शब्बाथ शाळा बुडवून, तो कुंपणाच्या भिंतीवर चढला आणि आम्हाला हात देऊन वर ओढले. त्याला आतल्या बागेतली छोटी हवेली पाहायची होती. ही त्या मोठ्या इमारतीचीच लहानशी प्रतिकृती. ती आम्ही पाहिली, आणि रखवालदाराने काठी उगारताच तो आम्हाला आधी भिंतीपलीकडे ढकलून मागून उडी मारून आला. काठी त्यालाच बसली. असा तो होता. संकटात आम्हाला घालणाराही तोच आणि आमच्या वाटणीचा मार खाणाराही तोच.

पुढे कॉलेजात असताना तो सायकलने जहिराबाद, हुमनाबाद, उमरगा करीत सोलापूरला गेला. पक्की नोकरी सोडून आखातात गेला, तिथून परत आला, कोंबड्यांचा धंदा काढला, तो बुडाला, दुसरा काढला. खोलीत तो आला की दिवा लावल्यासारखे होई. हमाल, प्राध्यापक, डॉक्टर, पाळकसाहेब, सर्वांना वाटे की हा आपलाच खास मित्र. २५ ऑगस्ट २००७ च्या संध्याकाळी कोठीतल्या गोकुळ चाटमध्ये बॉम्बस्फोट झाला, तेव्हा तो जवळच होता. लोक जीव घेऊन पळत होते आणि साठीला टेकलेला हा गृहस्थ उलट दिशेने धावला. जखमींना रिक्षांत घालून उस्मानिया रुग्णालयात पोचवण्यात त्याची सगळी रात्र गेली. दुसऱ्या दिवशी त्याच्या सदऱ्यावरचे डाग पाहून आम्ही काही विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही.

आणि आम्ही स्मरणोपासनेत सांगितलेली गोष्ट ही. १९८९ साली आमच्या थोरल्याला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. फी भरायला आमच्याजवळ सहा हजार कमी पडत होते. आम्ही कोणाजवळ तोंड उघडले नव्हते. त्याने कसे ओळखले कोण जाणे, संध्याकाळी येऊन पाकीट टेबलावर ठेवले आणि चहासुद्धा न घेता गेला. दोन वर्षांनी आम्ही ते पैसे त्याच्या हातात परत दिले. "एवढी काय घाई होती?" म्हणून तो हसला. आज मुलीकडून समजले की ते पाकीट वहिनींच्या पाटल्या गहाण टाकून आले होते, आणि आम्ही परत केलेले पैसे पाटल्या सोडवण्यापूर्वीच कुठल्याशा प्रवासात संपले. पाटल्या गेल्या त्या गेल्याच.

मराठीत एक म्हण आहे, मेल्या म्हशीला मणभर दूध. आपल्या स्मरणोपासना ऐकल्या म्हणजे ही म्हण आठवल्याशिवाय राहात नाही. मृताविषयी वाईट बोलू नये हा संकेत चांगला आहे. जो उत्तर देऊ शकत नाही त्याच्यावर आरोप करणे भ्याडपणाचे. परंतु या संकेताची एक दुसरी बाजू आहे. मृत उत्तर देऊ शकत नाही, पण पहिल्या बाकावर बसलेली त्याची बायको आणि मुले ऐकत असतात. आपण मणभर दूध मोजतो तेव्हा ज्यांच्या वाट्याला पेलाभरही आले नाही त्यांना आपण न बोलता खोटे ठरवतो. त्यांना वाटू लागते, चूक आपलीच असावी. सगळ्या गावाला जो माणूस सापडला तो आपल्याच घराला कसा सापडला नाही?

याच्या उलट टोकाला जाणेही सोपे आहे. मुलीचे शब्द ऐकल्यावर काही दिवस आम्ही तेच केले. मनातल्या मनात वही उघडून त्याचा जमाखर्च मांडू लागलो. सोलापूरचा प्रवास, बुडालेले धंदे, रात्री-अपरात्री आठ-आठ मित्रांना घरी जेवायला नेणे, सगळे नावे पडू लागले. पण मग रखवालदाराची काठी आणि तो रक्ताळलेला सदरा कोणत्या बाजूला मांडायचा? ज्या स्वभावाने पाटल्या गहाण पडल्या त्याच स्वभावाने जखमींना उचलले. पुढचामागचा विचार न करणे हा एकच गुण. एका ठिकाणी तो पुण्य झाला, दुसऱ्या ठिकाणी अपराध. त्याचे दोन तुकडे करून एक ठेवावा आणि एक टाकावा, असे करता येत नाही. वही आम्ही मिटली.

पवित्र शास्त्रात मित्राच्या मृत्यूविषयी जो सर्वांत मोठा दाखला आहे, तो आपण सर्वांनी शब्बाथ शाळेत शिकलेला आहे. शौल आणि योनाथान गिलबोवाच्या डोंगरावर पडले आणि दाविदाने विलापगीत रचले (२ शमुवेल १). ते आपण पाठ करतो. त्यात शौलाचा भाला नाही, त्याने केलेला पाठलाग नाही. केवळ गौरव आहे. मग दाविदाने खोटे सांगितले काय? आम्हाला तसे वाटत नाही. पहिल्या दुःखाचा तो शब्द होता आणि पहिल्या दुःखाला हिशेब विचारू नये. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की दाविदाची मैत्री त्या गीतापाशी संपली नाही. नवव्या अध्यायात राजा झालेला दावीद विचारतो की शौलाच्या घराण्यात कोणी उरले आहे काय, म्हणजे योनाथानासाठी त्याच्यावर दया करता येईल. तेव्हा लो-दबारात कोणाच्या तरी आश्रयाने राहिलेला, दोन्ही पायांनी लंगडा असा योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ सापडतो. त्याला आजोबांची जमीन परत मिळते आणि राजाच्या मेजावर कायमची जागा मिळते.

इथे दोन गोष्टी आहेत. एक, दाविदाने वाट पाहिली नाही की मफीबोशेथाने येऊन मागावे. त्याने स्वतः शोध केला. दुसरी, आणि ही आपण मुलांना सहसा शिकवीत नाही: दावीद इथेही पुरा उतरला नाही. सोळाव्या अध्यायात सीबा नावाच्या चाकराने चहाडी केली आणि दाविदाने चौकशी न करता मफीबोशेथाची सगळी जमीन त्याला देऊन टाकली. एकोणिसाव्या अध्यायात खरे कळले तेव्हा अर्धीच परत केली. गीत रचण्यास एक रात्र पुरते; मित्राच्या मुलाशी नीट वागण्यास सगळे आयुष्य लागते आणि त्यात दाविदासारखाही चुकतो.

कोठीच्या त्या हवेलीची गोष्टही याच जातीची आहे. आमचा मित्र ती फार रंगवून सांगे. जेम्स कर्कपॅट्रिक हा १७९८ ते १८०५ या काळात निजामाच्या दरबारी ब्रिटिश रेसिडेंट होता. देखणा, धाडसी, फारसी-हिंदुस्तानी अस्खलित बोलणारा. खैरुन्निसा या हैदराबादच्या उमराव घराण्यातील तरुणीशी त्याने लग्न केले. त्यापायी नोकरी जाण्याची वेळ आली तरी तो मागे हटला नाही. ती पडद्यात राहणारी, तेव्हा समोरून मोठी इमारत कशी दिसते हे तिला पाहता यावे म्हणून त्याने जनान्याच्या बागेत ती छोटी प्रतिकृती बांधली, असे सांगतात. आमचा मित्र गोष्ट इथे थांबवी आणि ऐकणारे खूष होत.

गोष्टीचा उरलेला भाग आम्ही पुढे वाचला. विल्यम डॅलरिंपल यांनी २००२ साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तो विस्ताराने आला आहे. १८०५ साली कर्कपॅट्रिकने आपली दोन लहान मुले शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तो कलकत्त्यास वारला. वय अवघे एकेचाळीस. विशीतली खैरुन्निसा त्याची कबर पाहण्यास कलकत्त्यास गेली. तिथे कर्कपॅट्रिकचा मित्र आणि हाताखालचा अधिकारी हेन्री रसेल तिला भेटला. तिने त्याच्यावर विश्वास टाकला. त्याने तो घेतला आणि मोडला. तिला हैदराबादेत परतण्याची बंदी झाली, ती मच्छलीपट्टणला दिवस काढू लागली आणि रसेलने १८०८ साली मद्रासेत दुसरीशी लग्न केले. १८१३ साली खैरुन्निसा हैदराबादेत वारली. मुले तिला पुन्हा दिसली नाहीत. आणि रसेल? तो १८११ पासून कोठीच्या त्याच इमारतीत रेसिडेंट म्हणून राहात होता. मित्राची जागा, मित्राचे घर, मित्राचे जिने, सर्व त्याला मिळाले. मित्राची आठवणही तो गोडच काढीत असेल. परंतु आठवण काढणे आणि एकनिष्ठ राहणे या निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या घराच्या भिंतींना ठाऊक होते.

या कथेला एक लहानसा शेवट आहे, तो रसेलवर अन्याय होऊ नये म्हणून सांगतो. पुष्कळ वर्षांनी कर्कपॅट्रिकची मुलगी किटी रसेलच्या इंग्लंडमधील घरी गेली. तिथे भिंतीवर तिचे आणि तिच्या भावाचे, हिंदुस्थान सोडण्यापूर्वी काढलेले चित्र टांगलेले होते. ते पाहून तिला रडू आवरेना. रसेलने ते चित्र मृत्युपत्राने तिला दिले. किटीचा हैदराबादेतील आजीशी पत्रव्यवहारही पुढे सुरू झाला, मात्र भेट कधी झाली नाही. देणे फार उशिरा आणि फार थोडे फिटले. तरी काही न फिटण्यापेक्षा ते बरे.

आपल्या मराठी ख्रिस्ती घरात याहून उजळ उदाहरण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी गेले. तेही असेच मोहून टाकणारे, लहरी, हाती आलेला पैसा दुसऱ्याच्या ओंजळीत ओतणारे, न सांगता घरातून निघून जाणारे. लक्ष्मीबाईंनी १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध केली, तीत त्यांनी टिळकांचा राग लपवला नाही, त्यांच्या दानशूरपणापायी चूल कशी थंड राही तेही लपवले नाही. तरी ते पुस्तक वाचून कोणाचेही टिळकांवरचे प्रेम कमी झाले नाही, उलट वाढले. याचे कारण आम्हाला असे दिसते की लक्ष्मीबाईंनी स्वतःला गोष्टीबाहेर ठेवले नाही. न्यायाधीश होऊन त्या बोलल्या नाहीत आणि भाट होऊनही बोलल्या नाहीत. जे सोसले ते हसत सांगितले. शिवाय टिळकांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते, ते त्यांनी पुरे केले. खरे बोलणे आणि अपुरे काम पुरे करणे, ही दोन्ही त्यांनी केली.

आता आमच्याकडे वळतो. मुलीने उघड केलेले सत्य जितके मित्राविषयी होते तितकेच आमच्याविषयी होते. आम्ही त्या घरी किती रात्री जेवलो! वहिनी आत पोळ्या लाटीत होत्या आणि आम्ही बाहेर त्याच्या गोष्टींवर हसत होतो. पोळ्यांचे पीठ कुठून आले हे आम्ही विचारले नाही. मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभू परूश्यांना 'कुर्बान' या शब्दावरून दोष देतो: आईबापांचे जे देणे, ते देवाला वाहिले असे म्हणून लोक हात झटकीत. मोठ्या नावाखाली घरचे देणे चुकवणे, हा त्या दोषाचा गाभा. आमचा मित्र दिलदारपणाच्या नावाखाली तेच करीत असे. पण वाहिलेल्या वस्तूचा जो उपभोग घेतो त्याच्याकडे काहीच दोष नाही काय? मोहक माणसाला प्रेक्षक लागतात. टाळ्या आम्ही दिल्या, म्हणून खेळ चालला. आणि तिकिटाचे पैसे घरातल्या माणसांनी भरले.

हा विचार पक्का झाल्यावर आम्ही एका संध्याकाळी वहिनींकडे गेलो. बरोबर थोडे पैसे घेतले होते. आज त्या पाटल्यांचे काय होईल याचा सोनाराकडून अंदाजही घेतला होता. आम्ही क्षमा मागितली, म्हणालो, "वहिनी, आमच्या मुलाची फी तुमच्या पाटल्यांनी भरली हे आम्हाला माहीत नव्हते. त्यांनी तुमच्या हातातून नेल्या, आणि आम्ही…"

वहिनींनी आम्हाला मध्येच थांबवले. "त्यांनी नेल्या नाहीत. मी काढून दिल्या. पोराची जागा जाईल, असे हे म्हणाले, तेव्हा मीच म्हटले, घेऊन जा. सोडवून आणीन म्हणाले, ते काही त्यांनी केले नाही. त्यावरून आम्ही भांडलो, पुष्कळ भांडलो. पण दिल्या मी होत्या."

आम्ही खाली मान घालून बसलो. आमची चूक एकदा नव्हे, दोनदा झाली होती. मंदिरात आम्ही गोष्ट सांगितली तेव्हा वहिनी गोष्टीत नव्हत्याच. आणि आता कळवळ्याने आलो तेव्हा त्यांना आम्ही केवळ लुबाडली गेलेली बाई समजलो. देणारी म्हणून त्यांच्याकडे आम्ही दोन्ही वेळा पाहिले नाही. स्तुतीने त्यांना झाकले होते, दयेनेही झाकले. सत्य या दोहोंपेक्षा मोठे निघाले. आमच्या मुलाची फी दोन माणसांनी भरली होती. एकाने घाईने, दुसरीने समजून-उमजून. एकाने शब्द पाळला नाही. दुसरीने त्याबद्दल भांडूनही पस्तीस वर्षे आम्हाला त्याची जाणीव होऊ दिली नाही.

पैसे त्यांनी घेतले की नाही, हे इथे लिहीत नाही. ते त्यांच्या आणि आमच्यामध्ये आहे. पण निघताना त्या म्हणाल्या, "तुमचा थोरला आता कुठे असतो? एकदा घेऊन या ना. काय शिकला ते बघू तरी दे."

आमचा मुलगा नाताळच्या सुटीत येत आहे. त्याला आम्ही सगळी गोष्ट सांगितली आहे.

वाचकहो, गेलेल्या मित्राचे आपण काय देणे लागतो, या प्रश्नाचे आमच्यापुरते उत्तर असे आहे. पहिल्या दुःखात गौरव करावा. तो प्रेमाचा हक्क आहे. मात्र तोंडी लावायला खोटे वाढू नये, आणि ज्यांच्या जिवावर त्याचा दिलदारपणा चालला त्यांना गोष्टीत जागा द्यावी. नंतर, फुले सुकल्यावर आणि येणारे-जाणारे थांबल्यावर, त्या घराचा दरवाजा आपण होऊन ठोठवावा. तिथे काय ऐकावे लागेल याची भीती बाळगू नये.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक विनंती. दाविदाचे विलापगीत शिकवाल तेव्हा त्याच रविवारी नववा अध्यायही शिकवा, आणि मुले मोठी असतील तर सोळावा व एकोणिसावाही. गीत किती सुंदर आहे हे मुलांना आपोआप कळेल. लो-दबारला माणूस पाठवावा लागतो, हे मात्र त्यांना कोणीतरी सांगावे लागते.